सर्व्हरची रोजकीर्द फुगते तेव्हा



या अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापनावर लिहावे असा आग्रह होता. तो विषय पुढच्या अंकासाठी राखून ठेवला आहे. कारण मागच्या हंगामात सिरसाळा गटातल्या पुष्कळ सभासदांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. "साहेब, काटा चालू, गव्हाण चालू, मग पावती का निघंना? कॉम्प्युटर बंद पडला म्हणजे नेमकं झालं काय?" कुणी म्हणालं व्हायरस आला. कुणी म्हणालं, मुद्दाम बंद ठेवला. खरं कारण त्याहून साधं होतं आणि ते सभासदांना कळणं जरूर आहे, कारण त्याचा संबंध थेट आपल्या ऊसनोंदीशी, तोडणीच्या नंबराशी आणि बिलाशी येतो.

मी कृषी पदविका घेतलेला माणूस. कॉम्प्युटर हा माझा विषय नव्हे. पण नोंद ही शेती विभागाची जबाबदारी, आणि ती नोंद ज्या यंत्रात राहते ते यंत्र समजून घेतल्याशिवाय आता गत्यंतर नाही. संगणक विभागाच्या मंडळींसोबत बसून जे समजलं ते आपल्या भाषेत मांडतो.

नोंद असते कुठे?

सिरसाळ्याच्या गट कार्यालयात टेबलावर जो कॉम्प्युटर दिसतो, त्यात आपली नोंद नसते. ती असते कारखान्याच्या मुख्य कार्यालयातल्या मोठ्या यंत्रात, ज्याला सर्व्हर म्हणतात. आपला लिपिक इथं बसून 'रिमोट डेस्कटॉप' नावाच्या सोयीनं त्या सर्व्हरमध्ये शिरतो. त्यानं इथं बटण दाबलं की तेवढी खूण तिकडे जाते, काम तिकडे होतं आणि तिकडच्या पडद्याचं चित्र इथं दिसतं. हल्ली बऱ्याच जणांनी विहिरीवर मोबाइल स्टार्टर बसवलाय. फोन लावला घरून, पण मोटर फिरते ती विहिरीवरच. तसंच हे.

याचा फायदा मोठा. सिरसाळ्यात लाईट गेली तरी नोंद जात नाही. लिपिकाचा कॉम्प्युटर जळाला तरी नोंद जात नाही. उलट तोटाही तेवढाच मोठा, की तिकडचं एक यंत्र अडलं तर सगळे गट एकदम अडतात. एका कालव्यावर सगळ्या चाऱ्या असल्या की मुख्य गेटाला जे होईल ते सगळ्यांना भोगावं लागतं, हे माजलगावच्या पाण्यावर ऊस करणाऱ्यांना मी काय सांगावं!

गावापर्यंत कॉम्प्युटर नेण्याचा मोठा प्रयोग आपल्या राज्यात १९९८ साली वारणानगरला झाला. केंद्र सरकारच्या मदतीनं कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांसाठी केंद्रं उघडली गेली. उसाची नोंद, तोडणीची परवानगी, किती ऊस गेला त्याचा आकडा, खताचा हिशेब हे सभासदाला आपल्या गावातच मिळू लागलं. पुढं २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या मंडळींनी तिथल्याच काही गावांत कॉम्प्युटर बाजूला ठेवून साध्या मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिलं. कॉम्प्युटर बसवणं एकवेळ सोपं, तो वर्षानुवर्षं चालता ठेवणं अवघड, हा अनुभव त्यामागं होता. आमचाही अनुभव काही वेगळा नाही. यंत्र विकत घेताना सगळे हजर असतात. फोटो निघतात, नारळ फुटतो. त्याची देखभाल करायला मात्र रात्री दोन वाजता एकटा माणूस असतो.

लॉग म्हणजे काय

आता मुद्द्यावर येतो. सर्व्हर जे जे काम करतो त्याची ओळ तो स्वतःच लिहून ठेवतो. अमक्या वाजता अमका लिपिक आत आला, अमक्या वाजता बाहेर गेला, अमक्यानं चुकीचा पासवर्ड टाकला, प्रिंटर सापडला नाही, अमुक सेवा बंद पडली, पुन्हा सुरू झाली. ही झाली सर्व्हरची रोजकीर्द. तिला 'लॉग' म्हणतात आणि ज्या वहीत ती लिहिली जाते तिला लॉग फाईल. सोसायटीची रोजकीर्द सचिव संध्याकाळी लिहितो; ही मात्र दिवसरात्र चालू असते. कुणी न सांगता, कुणी न बघता.

प्रत्येक ओळीला तारीख, वेळ आणि ठरावीक क्रमांक असतो. उदाहरणार्थ, विंडोज सर्व्हरच्या सुरक्षा वहीत ४६२४ क्रमांकाची ओळ म्हणजे माणूस बरोबर पासवर्डनं आत आला, आणि ४६२५ म्हणजे प्रयत्न केला पण दार उघडलं नाही. रिमोट डेस्कटॉपची वेगळीच एक वही असते. तिच्यात २१ म्हणजे आत आला, २४ म्हणजे संबंध तुटला, २५ म्हणजे पुन्हा जोडला, २३ म्हणजे रीतसर बाहेर पडला. म्हणजे लिपिक म्हणाला की "मी साडेपाचलाच घरी गेलो", तर ते वहीला विचारता येतं. आणि एक गंमत सांगतो. कुणी ही सुरक्षा वही सगळी पुसून टाकली, तर कोऱ्या झालेल्या वहीत ११०२ क्रमांकाची ओळ आपोआप पडते, की अमक्या नावानं वही पुसली. रोजकीर्दीचं पान फाडणाऱ्याचं नाव पुढच्या पानावर उमटावं, तसा हा प्रकार. आपल्या जुन्या सोसायट्यांत ही सोय असती तर पुष्कळ चौकशा वाचल्या असत्या.

मग वही फुगते कशी?

प्रत्येक लॉग फुगतोच असं नाही. विंडोजच्या मूळच्या ज्या वह्या आहेत, म्हणजे सिस्टिम आणि ॲप्लिकेशन, त्यांना मुळात २० एमबी एवढीच जागा दिलेली असते. ती भरली की सर्वांत जुनी ओळ पुसून तिच्या जागी नवी लिहिली जाते. पाटीवर लिहावं तसं. त्यानं जागा भरत नाही. पण जुनं जातं.

त्यावर दुसरा एक पर्याय असतो. वही भरली की ती बाजूला ठेवायची आणि नवी उघडायची. त्यानं जुनं जात नाही. पण बाजूला ठेवलेल्या वह्यांचा ढीग त्याच कप्प्यात वाढत राहतो आणि तो हलवायचं काम सर्व्हर करत नाही. ते माणसानं करायचं असतं.

मागच्या हंगामात नेमकं हेच झालं. कुणीतरी चांगल्या हेतूनं 'वही भरली की बाजूला ठेव' हा पर्याय लावून ठेवला होता. त्याच सुमारास राऊटर बसवणाऱ्या बाहेरच्या माणसानं, आपल्याला घरबसल्या दुरुस्ती करता यावी म्हणून, रिमोट डेस्कटॉपचं दार थेट इंटरनेटवर उघडं ठेवलं. या दाराचा नंबर ३३८९, आणि तो साऱ्या जगाला माहीत आहे. असं उघडं दार शोधत फिरणारी यंत्रं इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात. ती दार सापडलं की पासवर्ड टाकून बघत बसतात. हा नाही तर तो, तो नाही तर पुढचा. एका रात्रीत हजारो वेळा. आत कुणी शिरलं नाही, ही देवाची कृपा म्हणा किंवा लांबलचक पासवर्डची. पण प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाची एक ४६२५ ची ओळ, त्या ओळींनी भरलेल्या वह्या, त्या वह्यांचा ढीग. सी ड्राइव्ह, म्हणजे सर्व्हरचा जो मुख्य कप्पा, तो ऐन गळितात काठोकाठ भरला.

कप्पा भरला की काय होतं ते आता पहा. पावती छापायची म्हणजे ती आधी क्षणभर याच कप्प्यात लिहिली जाते आणि तिथून प्रिंटरकडे जाते. जागाच नाही, तर पावती निघणार कुठून? काट्याचा आकडा दाखवणारं यंत्र स्वतंत्र असतं, म्हणून काटा चालू दिसत होता. गट कार्यालयातून आत शिरणाऱ्या लिपिकांना सर्व्हर 'तात्पुरत्या' खोलीत बसवत होता. त्यांची रोजची मांडणी, रोजचे कागद काहीच दिसत नव्हतं. त्यामुळे "सगळा डाटा गेला" अशी हाकाटी झाली. डाटा कुठंही गेला नव्हता. पण यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागली, हातानं पावत्या लिहाव्या लागल्या, आणि त्या नंतर पुन्हा भराव्या लागल्या. तोडलेला ऊस २४ तासांत गाळपाला जावा हे आपण दरवर्षी सांगतो. रांगेत उभ्या राहिलेल्या उसाचं वजन आणि साखर दोन्ही उन्हात जातं, आणि ते कुणाच्या खिशातून जातं हे सभासदाला सांगायला नको. टोळीची रात्र वाया गेली ती वेगळीच. आपल्याच जिल्ह्यातली ती माणसं, ती थंडीत गाडीखाली बसून राहिली.

त्या रात्री त्याहून मोठा अनर्थ टळला, तोही सांगतो. जागा करायची म्हणून पाळीवरच्या एकानं सर्वांत मोठी फाईल शोधली. तिच्या नावातच 'लॉग' हा शब्द होता. लॉग म्हणजे कचरा असं समजून तो ती पुसायला निघाला. ती चालू असताना पुसता येत नाही, म्हणून त्यानं डाटाबेसची सेवाच बंद करायची तयारी केली. सुदैवानं संगणक विभागातल्या माणसाला आधी फोन लागला आणि हात थांबला.

दोन लॉग, दोन जाती

हा मुद्दा नीट लक्षात घ्यावा, कारण इथंच पुष्कळ संस्था फसतात. नावात लॉग असलं तरी सगळे लॉग एका जातीचे नाहीत.

वर सांगितलेला लॉग म्हणजे घडून गेलेल्या गोष्टींची टिपणं. ती जुनी झाली तर बाजूला काढता येतात. पण आपली नोंद, वजनं, बिलं ज्या डाटाबेसमध्ये असतात त्या एसक्यूएल सर्व्हरचा स्वतःचा एक लॉग असतो. त्याला व्यवहाराचा लॉग म्हणतात. तो टिपण नव्हे, तो हिशेबाचाच भाग आहे. कुठलीही नोंद पक्की होण्याआधी तिथं लिहिली जाते. मध्येच लाईट गेली, तर सर्व्हर उठल्यावर याच वहीवरून ठरवतो की कोणता व्यवहार पुरा झाला होता आणि कोणता अर्धवट होता. ती वही पुसली, तर डाटाबेस उघडेलच याची खात्री नाही.

मग तीही फुगते, तिचं काय? तिचा बॅकअप घ्यायचा. पूर्ण बॅकअपची जी पद्धत आपल्याकडे आहे, तिच्यात रोज रात्री डाटाबेसचा बॅकअप घेतला तरी व्यवहाराची वही मोकळी होत नाही. तिचा स्वतंत्र बॅकअप घ्यावा लागतो, आणि तोही दिवसातून एकदा नव्हे, हंगामात तर दर तासा-अर्ध्या तासाला. तो घेतला की वहीतली जागा पुन्हा वापरायला मोकळी होते. फाईलचा आकार मात्र तेवढाच दिसतो, आणि मग माणूस म्हणतो "बॅकअप घेतला तरी फाईल कमी झाली नाही." गोदामातली पोती उचलली म्हणून गोदाम लहान होत नाही. पुढच्या महिन्यात पोती येणारच आहेत. दर वेळी भिंत पाडून पुन्हा बांधायची गरज नाही.

आणखी एक किरकोळ वाटणारी पण चिवट फाईल आहे. विंडोज स्वतःची दुरुस्ती करतं, तेव्हा त्या दुरुस्तीचा लॉग लिहितं, सीबीएस नावाचा. जुन्या आवृत्त्यांत तो दोन जीबीच्या वर गेला की तो दाबून ठेवण्याचा प्रयत्न फसतो आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाची अर्धवट फाईल तात्पुरत्या कप्प्यात साचते. वरून काही कळत नाही, आणि जागा मात्र रोज जाते. संबंधित सेवा थांबवून तो लॉग हलवायचा, अर्धवट फाईली काढायच्या, सेवा पुन्हा सुरू करायची. एवढंच. पण जाणकारानंच करावं.

सभासदांना वजन आणि बिल पाहण्यासाठी जे पान कारखान्यानं केलं असेल, त्याचाही लॉग असतो. रोज एक नवी फाईल होते आणि ती आपोआप कधीच निघत नाही. कुणी लक्षच दिलं नाही, तर पाच वर्षांपूर्वी कोणी आपलं बिल किती वाजता पाहिलं हेही तिथं पडून राहतं. याला काही अर्थ नाही.

काय ठेवायचं, काय काढायचं

कागदाच्या जमान्यातही हाच प्रश्न होता. १९८० च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीत कागदांचे सहा गठ्ठे करण्याची पद्धत आणली. चालू कामाचा गठ्ठा वेगळा, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारा वेगळा, ठरावीक मुदतीनं जाणाऱ्या अहवालांचा वेगळा, कायम आदेशांचा वेगळा, अभिलेख कक्षात पाठवायचा वेगळा आणि नष्ट करायचा वेगळा. पुढं ही पद्धत राज्यभर 'लखिना पॅटर्न' म्हणून गाजली. मला तिच्यातला सहावा गठ्ठा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नष्ट करायचं काय, हे शांत डोक्यानं आधी ठरवून ठेवलं, तर रात्री दोन वाजता घाबरून ठरवावं लागत नाही.

आपल्या सर्व्हरलाही तेच लागू करायचं ठरलं आहे. इथं मुदतीचा प्रश्न येतो. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. त्यांत संस्थांनी आपल्या संगणक यंत्रणेचे लॉग १८० दिवस जपून ठेवावेत आणि घुसखोरीसारखा प्रकार घडल्यास सहा तासांच्या आत कळवावं असं म्हटलं आहे. म्हणजे १८० दिवस ही झाली खालची मर्यादा. त्याहून कमी ठेवायचं नाही.

पण माझं मत असं, की ऊसनोंदीला १८० दिवस पुरत नाहीत. हे मत शेती विभागाचं आहे, संगणक विभागाचं नाही. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लागतो आणि १६ ते १८ महिन्यांनी तुटतो. पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागून १४-१५ महिन्यांनी, सुरू बाराएक महिन्यांनी. लागणीच्या तारखेवरून तोडणीचा क्रम ठरतो, आणि त्या तारखेचं भांडण निघतं ते तोडणीच्या वेळी. १८० दिवसांत तर आडसाली उसाची नीट मोठी बांधणी होऊन थोडेच दिवस झालेले असतात! त्यामुळे नोंदीत कोणी, कधी, काय बदल केला याचा लॉग किती दिवस ठेवायचा हे उसाच्या वयावरून ठरवायला हवं. निदान दोन वर्षं, आणि त्या हंगामाचं शेवटचं बिल आणि लेखापरीक्षण होईपर्यंत.

हे मी का म्हणतो, तर दोन हंगामांपूर्वीचं एक प्रकरण डोळ्यांपुढं आहे. आमच्या गटातले एक वयस्कर सभासद काटापावत्यांचं पुडकं आणि नोंदीची चिठ्ठी फडक्यात बांधून आले. चिठ्ठीवर लागणीची तारीख जुलैतली, कॉम्प्युटरमध्ये सप्टेंबरातली. दोन महिन्यांचा फरक, म्हणजे टोळी मिळायला तितकाच उशीर. ऊस तुऱ्यावर आलेला. आता ही तारीख चुकून भरली, की कोणी नंतर बदलली? कार्यक्रमाच्या बदलनोंदीत पाहिलं, तर बदल झालेला दिसला. तारीख आणि वेळही होती. पण कोणी केला? तर 'ॲडमिन'. त्या वेळी गटातले तिघेही त्या एकाच नावानं आत शिरायचे आणि पासवर्ड टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिलेला. मग सर्व्हरच्या वहीत त्या वेळी कोणत्या ठिकाणाहून कोण आत होतं हे पाहावं, तर ती वही केव्हाच नव्या ओळींखाली पुसली गेलेली. चिठ्ठी होती म्हणून तारीख दुरुस्त झाली आणि तोडही मिळाली. बदल कोणी केला ते आजतागायत कळलेलं नाही. तिघांपैकी दोघांवर विनाकारण संशय राहिला, हेही वाईटच.

म्हणून लॉग सांभाळणं म्हणजे नुसती जागा करणं नव्हे. एक तर प्रत्येक लिपिकाचं, स्लिपबॉयचं, काटा कारकुनाचं आत शिरायचं नाव वेगळं पाहिजे. एकाच अंगठ्यानं सगळ्यांनी सह्या केल्यासारखं चालणार नाही. दुसरं, घड्याळं जुळली पाहिजेत. काट्यावरचा कॉम्प्युटर दहा मिनिटं मागं आणि सर्व्हर बरोबर, असं असलं की दोन वह्यांतल्या ओळींचा मेळ बसत नाही आणि प्रत्येक जण आपल्या सोयीची वेळ सांगतो. सर्व यंत्रांची वेळ एकाच ठिकाणावरून घ्यायची सोय असते, ती लावून ठेवली की झालं.

आता काय केलं आहे

इंटरनेटला उघडं असलेलं ते दार बंद करण्यात आलं. गट कार्यालयांना आता आधी एका खासगी बंदिस्त वाटेनं यावं लागतं, ज्याला व्हीपीएन म्हणतात, आणि मग सर्व्हरचं दार लागतं. सलग काही वेळा पासवर्ड चुकला तर ते नाव थोडा वेळ कुलूपबंद होतं. यामुळं कधी कधी लिपिक स्वतःच बाहेर अडकतो आणि सभासदाला पाच-दहा मिनिटं थांबावं लागतं, तेवढं सहन करावं ही विनंती.

लॉगसाठी वेगळा कप्पा केला आहे. उद्या तो कितीही भरला तरी पावत्यांच्या कप्प्याला धक्का लागणार नाही. बाजूला ठेवलेल्या वह्या दर रात्री आपोआप दाबून त्या कप्प्यात जातात. मजकुराच्या फाईली दाबल्या की खूपच लहान होतात. त्यांची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर जाते, कारण घुसखोर आत आलाच तर तो आधी वह्यांवरच हात टाकतो. मुदत संपलेल्या फाईली काढण्याचं कामही वेळापत्रकावर लावलं आहे. या शेवटच्या कामाबद्दल मी जरा आडमुठेपणा केला. आज्ञा लिहिताना कप्प्याचं नाव एका अक्षरानं चुकलं तर यंत्र भलतंच पुसून मोकळं होतं. उसात टू-फोर-डी मारावं आणि वाऱ्यानं ते शेजाऱ्याच्या कापसावर जावं, तसं. म्हणून पहिले काही दिवस फक्त 'काय पुसलं जाईल' याची यादी काढा, ती दोघांनी वाचा आणि मगच पुसायला लावा, असा आग्रह धरला. तो मान्य झाला.

आणि एक खूण ठेवली आहे. ठिबकच्या सॅन्ड फिल्टरला दोन्ही बाजूंना दाबमापक असतात. फरक वाढला की आपण बॅकवॉश करतो, नळ्या तुंबायची वाट बघत नाही. तसा कप्पा ठरावीक पातळीच्या वर भरला की संगणक विभागाच्या दोन माणसांच्या मोबाइलवर संदेश जातो. एकाच माणसाकडे जायचा, असं आधी ठरत होतं. लग्नसराईत एका माणसाचा फोन लागत नाही हे मी अनुभवानं सांगितलं.

गटातल्या कर्मचाऱ्यांना एक सूचना इथंच देतो, ती सभासदांनीही वाचावी. काम संपल्यावर कोपऱ्यातली फुली दाबून घरी जाऊ नये. फुली दाबली तर खिडकी फक्त मिटते. तिकडे आपलं काम उघडंच राहतं, सर्व्हरची जागा खातं आणि लॉगही लिहीत राहतं. रीतसर 'साइन आउट' करावं. मोटर बंद न करता नुसतं खोपीचं दार लावून आल्यासारखं होतं ते.

सभासदांनी काय करावं

ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत द्यावी लागते, आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के दरानं व्याजाची तरतूद आहे. हे १४ दिवस मोजायचे ते काटापावतीच्या तारखेवरून. त्यामुळे सर्व्हर कितीही शहाणा झाला, तरी काटापावती आणि नोंदीची चिठ्ठी जपून ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी; हल्लीची छपाई उन्हात आणि घामात उडते. जमल्यास मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. हंगामात सर्व्हर अडून हातानं लिहिलेली पावती मिळाली, तर दोन-चार दिवसांनी गट कार्यालयात येऊन ती कॉम्प्युटरमध्ये चढली का, आणि वजन तेच चढलं का, हे पाहून जावं.

लागणीची नोंद देताना लिपिकानं भरलेली तारीख, जात, क्षेत्र आणि गट नंबर पडद्यावर पाहूनच उठावं. पडद्यावर वाचता येत नसेल तर मोठ्यानं वाचून दाखवायला सांगावं. तो आपला हक्क आहे आणि लिपिकानं त्यावर नाक मुरडू नये. नोंदीत नंतर काही बदल झाला तर तो कोणत्या नावानं आणि केव्हा झाला, हे आता सभासदाच्या लेखी अर्जावर सांगितलं जाईल. तोंडी विचारणा नको, अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

मोबाइल नंबर बदलला असेल तर तो आधी कळवावा. बरेच संदेश जुन्या नंबरावर, कधी मुलाच्या, कधी पुण्याला असलेल्या जावयाच्या फोनवर जातात, आणि सभासद म्हणतो मला कळवलंच नाही.

सिरसाळा गटातील आडसाली आणि पूर्वहंगामी लागणीच्या नोंदींची गाववार यादी गट कार्यालयाच्या फळ्यावर लावण्यात येत आहे. तारखेबाबत अथवा क्षेत्राबाबत हरकत असल्यास चिठ्ठीच्या झेरॉक्ससह लेखी अर्ज कार्यालयीन वेळेत द्यावा. बाजाराच्या दिवशी गर्दी होते, म्हणून शक्यतो इतर दिवशी यावं. ज्यांची चिठ्ठी हरवली आहे त्यांनी सातबारा आणि आधारची प्रत सोबत आणावी; दुसरी प्रत काढून दिली जाईल.

आपला,
ऊस विकास अधिकारी, शेती विभाग